मदत हवी आहे: वैश्विक किरणांतून हलके कण, ईटाचं गणित अडलंय

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये अडकलोय. जाणकारांनी जरा बघा.

वैश्विक किरणांतला प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळला की पायॉन, ईटा असे मेसॉन (अल्पायुषी कण) तयार होतात. ईटाचं वस्तुमान साधारण 548 एमईव्ही (कणांचं वस्तुमान सांगायचं ऊर्जेचं एकक). त्याच्या विघटनातून, इलेक्ट्रॉनच्या अगदी थोड्या अंशाइतका विद्युतभार असलेल्या कणांची जोडी क्वचित निघत असेल, तर ते कण डोंगर भेदून जपानच्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत शोधयंत्रातल्या 50,000 टन पाण्यात एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊ शकतात. प्रयोगशाळेत अशा टकरी घडवणारा त्वरक (अ‍ॅक्सिलरेटर) देखभालीसाठी बंद ठेवावा लागतो. हा मारा मात्र चोवीस तास, तोही फुकट!

घोडं अडलंय ते ईटाच्या संख्येवर. प्रोटॉनचा स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेचे किती) ऊर्जेच्या साधारण -2.7 घातानं उतरतो, त्यामुळे बहुतेक ईटा कमी ऊर्जेच्या टकरींतूनच येणार. आणि नेमकं तिथेच, कॉर्सिकात (हवेतल्या कणवर्षावाचं सिम्युलेशन) टकरींचं फ्लूका हे मॉडेल लावलं की एक उत्तर, यूआरक्यूएमडी हे मॉडेल लावलं की दुसरं. सर म्हणतात, दोन्हींतला फरक हीच अनिश्चितता धर. मला ते पटत नाही. काही जीईव्हीच्या (1 जीईव्ही = 1000 एमईव्ही) टप्प्यात ईटाचं मोजलेलं उत्पादन कुठे मिळेल?

दुसरं, वातावरणीय न्यूट्रिनोंची (याच माऱ्यातून हवेत तयार होणारे, क्वचितच कशाला धडकणारे कण) पार्श्वभूमी, म्हणजे माझ्या कणांसारख्याच दिसणाऱ्या नको त्या घटना. 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) गटानं जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत हेच न्यूट्रिनो टिपले होते. माझ्या कामात मात्र तो निव्वळ कचरा. एकाच कणानं टाकीत दोनदा धक्का दिल्याच्या घटना शोधल्या तर हा कचरा पुरेसा गळतो का? कुणी असं विश्लेषण केलं असेल तर कृपया सांगा. पायथन कोड दाखवायची तयारी आहे.