मदत हवी आहे: मांजराची शुगर घरी मोजणारं ठाण्यात कोणी आहे का?

आमच्या बोक्याला डायबेटीस निघालाय, दिवसातून दोन वेळा ग्लार्जिन इन्सुलिन चालू आहे. दवाखान्यात नेलं की शुगर ४०० च्या वर. डॉक्टर म्हणतात, घाबरलेल्या मांजराची तशीही चढते. घरीच दर दोन तासांनी, बारा तास मोजा आणि आकडे पाठवा.

अडचण रक्ताची. कानाच्या कडेची शीर दिसते, मागे कापूस धरून टोचतोही, पण थेंब येतो मोहरीएवढा आणि स्ट्रिप लावेपर्यंत साहेब कान झटकतात. भिंतीवर ठिपके! टोचण्याआधी कान शेकता का? की पंजाच्या गादीतून घेता?

शिवाय मशीन आईचंच वापरतोय. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराचा आकडा बहुधा कमी दाखवतो म्हणे. प्राण्यांसाठीचा मीटर आणि त्याच्या स्ट्रिप्स घोडबंदर किंवा वाशीकडे दुकानात मिळतात, की मागवाव्याच लागतात? अंगावर चिकटवायचा चौदा दिवसांचा सेन्सर कोणी लावला असेल तर तो खरंच टिकतो का, तेही सांगा.

डोस डॉक्टरच ठरवतील, त्यावर सल्ले नकोत. वर्तकनगरच्या आसपास कोणी प्रत्यक्ष टोचून दाखवणार असेल तर फारच बरं होईल. चहा माझ्याकडे.