मालवणजवळच्या देवबागला मित्राकडे मुक्काम : तिसऱ्यांतली (खायच्या शिंपल्यांतली) वाळू कशी घालवायची?

प्रश्न : मित्राच्या घरी आठवडाभर आहोत. सगळे ओहोटीला तिसऱ्या काढायला जातात. वेळ कशी ओळखायची? आणि खाताना वाळू कचकचते, त्याचं काय?

उत्तर १ : तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. तास-अर्धा तास मागेपुढे धराच. ओहोटीच्या आधी तासभर उतरा, पाणी वळलं की परत. कर्ली नदीच्या मुखाशी मात्र मुळीच नको, ओढ जबर असते.

उत्तर २ : गोड्या पाण्यात भिजवलंत तर शिंपले घट्ट मिटतात, वाळू आतच राहते. समुद्राचं पाणी घ्या, नाहीतर लिटरला ३०-३५ ग्रॅम मीठ. पसरट भांड्यात एकच थर, वर झाकण, दोन-तीन तास. मग हाताने उचलून काढा. भांडं उपडं केलं की तळाची वाळू पुन्हा अंगावर येते! उघडा शिंपला टिचकी मारूनही मिटला नाही तर फेकाच.

उत्तर ३ : विळीवर उघडताना सुटणारं पाणी फडक्यातून गाळून तिसऱ्यांच्या सुक्यात (बिनरश्श्याच्या कालवणात) घाला, खरी चव त्यातच. ते खारट असतं, म्हणून मीठ शेवटी. वाफ आल्यावर पाच मिनिटं पुरे, जास्त शिजलं की मांस चिवट होतं.