मदत हवी आहे : गोडी छाटणीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी शिकणाऱ्यांचे शैलीनुसार गट पाडावेत का?

नमस्कार. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांसाठी, तसेच छाटणीच्या टोळ्यांसाठी, आम्ही काही जण मिळून गोडी छाटणीचा, म्हणजे फळे धरण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या द्राक्षवेलींच्या छाटणीचा, ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करत आहोत. ऑक्टोबर छाटणीच्या आधी तो लोकांच्या मोबाइलवर पोहोचायला हवा, त्यामुळे रचनेचा निर्णय आताच घ्यावा लागणार आहे आणि नेमके तिथेच आमचे एकमत होत नाही.

काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे आहे की, नील फ्लेमिंग यांच्या ‘वार्क’ प्रश्नावलीच्या आधारे प्रत्येकाची शिकण्याची शैली प्रवेशाच्या वेळीच ठरवावी (पाहून, ऐकून, वाचून-लिहून किंवा प्रत्यक्ष करून) आणि त्यानुसार प्रत्येक पाठाच्या चार आवृत्त्या कराव्यात. यामागची त्यांची तळमळ मला मनापासून पटते, कारण आमचे शिकणारे खरोखरच एकसारखे नाहीत. कृषी पदवी घेतलेल्या मुलाला तक्ते आणि आकडे हवे असतात. आयुष्यभर बाग केलेल्या त्याच्या वडिलांना काम करता करता ऐकणे सोयीचे वाटते. आणि पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला येणाऱ्या मजुरांपैकी अनेकांना लांबलचक मजकूर वाचणे जड जाते, पण कैची चालवण्यात त्यांचा हात धरणारे आमच्यात कोणी नाही.

माझी अडचण वेगळी आहे. सबकेनची (शेंडा खुडल्यावर काडीला फुटणाऱ्या उपकाडीची) गाठ कशी ओळखायची आणि तिच्या पुढे डोळा (काडीवरची कळी, जिथून नवी फूट येते) राखून काप कुठे घ्यायचा, हे ‘ऐकून शिकणाऱ्या’ माणसाला नुसत्या आवाजातून कसे समजावे? उलट, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावताना हातमोजे का घालायचे आणि त्या दिवसांत मद्य का पूर्णपणे वर्ज्य करायचे, ही माहिती एखाद्या गटाच्या वाट्याला कमी स्पष्ट येणे मला धोक्याचे वाटते. चार आवृत्त्या कराव्यात की एकच? आणि एकच केली, तर इतक्या वेगवेगळ्या लोकांना तिच्यात कसे सामावून घ्यावे? अभ्यासक्रम रचनेचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. चार आवृत्त्यांवर वेळ आणि पैसा घालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. लोकांना आवडीनिवडी असतात हे खरे. परंतु आवडीच्या माध्यमातून शिकवल्याने माणूस अधिक चांगले शिकतो, हा दावा वेगळा आहे आणि तो सिद्ध झालेला नाही. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांनी कसोटी अगदी स्पष्ट ठेवली होती : शिकणाऱ्यांचे शैलीनुसार गट करा, प्रत्येक गटातील लोकांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवा, शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्या, आणि एका शैलीच्या लोकांना एक पद्धत तर दुसऱ्या शैलीच्या लोकांना दुसरी पद्धत लाभदायक ठरते का ते पाहा. या कसोटीला उतरणारा पुरावा त्यांना जवळजवळ सापडलाच नाही.

म्हणून माध्यम माणसावरून न ठरवता विषयावरून ठरवावे. गाठ आणि काप ही डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट आहे, तेव्हा ती सर्वांना जवळून घेतलेल्या चित्रफितीतूनच दाखवा आणि बोलणे त्याच वेळी आवाजात ठेवा. जे बोलले जाते तेच शब्द पडद्यावरही लिहू नका, कारण चित्र, आवाज आणि तोच मजकूर एकाच वेळी आला की लक्ष विभागते, असे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसते. सूक्ष्मघड तपासणीचा अहवाल मात्र, म्हणजे कितव्या डोळ्यात घड आहे हे सांगणारे आकडे, तक्त्यातच नीट समजतो. पेस्टविषयीची सूचना चित्र, आवाज आणि ठळक अक्षरांतील एक ओळ अशी तिन्ही रूपांत, पण एकापाठोपाठ एक द्या. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे पुनरुक्ती झाली तरी चालेल.

शिकणाऱ्यांतील जो फरक खरोखर महत्त्वाचा आहे, तो आधीच्या जाणकारीचा. नवख्याला पायरी-पायरीने सोडवून दाखवलेले उदाहरण लागते. तेच जाणत्याला अडथळा ठरते, हे स्लावा कालयुगा, जॉन स्वेलर आदींनी २००३ मध्ये दाखवून दिले आहे. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी ‘तुम्हाला कसे शिकायला आवडते’ हे विचारण्याऐवजी चार-पाच काड्यांची छायाचित्रे दाखवून ‘काप कुठे घ्याल’ असे विचारा आणि ज्यांना जमते त्यांना प्राथमिक पाठ वगळू द्या. त्या वडिलांना बहुधा तिथेच मोकळे करता येईल. दुसरा फरक साधनांचा : रेंज नसलेल्या बागेत चालावेत म्हणून पाठ आधीच उतरवून घेता आले पाहिजेत आणि प्रत्येक चित्रफीत काही मिनिटांचीच असावी.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. छायाचित्रांच्या चाचणीची कल्पना सहकाऱ्यांना सांगितली आणि ती सर्वांना पटली. आता एकच प्रश्न उरतो : ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांच्याकडून सराव कसा करून घ्यावा?

प्रतिसाद

लिहिण्याची गरजच नाही. कैची लावण्यापूर्वी त्यांनी काडीचे छायाचित्र काढावे, जिथे काप घेणार त्या जागी बोट ठेवावे आणि तीच जागा का निवडली, हे आवाजी संदेशातून पाठवावे. आठवून सांगितल्याने ज्ञान पुन्हा वाचण्यापेक्षा अधिक काळ टिकते, हे रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणून हाच सराव काही दिवसांच्या अंतराने, पाठ पुन्हा न दाखवता, करून घ्यावा. उत्तर चुकले तर त्याच छायाचित्रावर योग्य जागी खूण करून ते त्याच दिवशी परत पाठवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी बागेत जाण्यापूर्वी ते त्यांच्या हाती असेल.