जुनी ८० जीबी आयडीई हार्ड डिस्क नव्या पीसीवर दिसत नाही

खोका_२००४
सीगेट बॅराकुडा, ८० जीबी, साडेतीन इंची, आयडीई (सपाट केबलने जोडायची जुनी पद्धत). आत विंडोज एक्सपी आणि बरीच मराठी कागदपत्रं. नव्या मदरबोर्डवर आयडीईची जागाच नाही, म्हणून यूएसबी-आयडीई अ‍ॅडॅप्टर घेतला, सोबत १२ व्होल्टचा पॉवर ब्रिक आहे. डिस्क फिरते, यूएसबी जोडल्याचा आवाजही येतो, पण 'धिस पीसी'मध्ये काही नाही आणि डिस्क मॅनेजमेंटमध्येही नाही. मागे जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावलेला नाही. डिस्क गेली का?

पिन_नंबर_एक
गेली नसावी. दोष तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. सीगेटच्या या डिस्कवर जंपर नसला तर ती स्लेव्ह, म्हणजे केबलवरची दुय्यम डिस्क, होते. पूर्वी कुणीतरी ती दुसरी डिस्क म्हणून लावली असणार. बरेचसे स्वस्त अ‍ॅडॅप्टर फक्त मास्टर, म्हणजे मुख्य डिस्क, शोधतात. डिस्कला वीज मिळते म्हणून मोटर फिरते, पण अ‍ॅडॅप्टरच्या हाकेला ओ कुणी देत नाही. वरच्या लेबलवर जंपरचा नकाशा छापलेला असतो, त्यातली मास्टरची जोडी बघून जंपर बसवा. जुन्या सीडी ड्राइव्हचा काढून लावलात तरी चालेल. (वेस्टर्न डिजिटलचं उलटं: एकटी डिस्क असेल तर जंपर काढूनच ठेवायचा.)

जंपर बदलताना वीज बंद. नंतर क्रम असा: आधी ४० पिनांची जोडणी, मग पॉवर, मोटरचा आवाज स्थिर होईपर्यंत दहाएक सेकंद थांबा, शेवटी यूएसबी.

सोल्डर_धूर
पॉवरचा चार पिनांचा मोलेक्स प्लग बघून लावा. त्याचे दोन कोपरे तासलेले असतात, पण प्लास्टिक मऊ पडलं असेल तर जोर लावून उलटाही बसतो. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. उलटा बसला की ५ व्होल्टच्या भागावर १२ व्होल्ट जातात आणि डिस्कचा बोर्ड जळतो.

लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क असणाऱ्यांसाठी: तिथे ४४ पिना, वीजही त्यातूनच. शेजारी थोडी जागा सोडून चार पिना असतात, त्या जंपरच्या. कनेक्टर बाजूला सरकून त्यांच्यावर बसतो, ही नेहमीची चूक.

खोका_२००४
जंपर लावला, डिस्क दिसली! आता 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मधला माझा फोल्डर 'परवानगी नाही' म्हणतो, खाली 'कंटिन्यू'चं बटण आहे. आणि बाहेरच्या फोल्डरमधली मराठी पत्रं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ.

पिन_नंबर_एक
'कंटिन्यू' दाबू नका. तुमचं जुनं एक्सपी खातं आणि आजचं खातं विंडोजच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत, नाव एकच असलं तरी. ते बटण परवानग्या बदलतं, म्हणजे जुन्या डिस्कवर लिहितं. एवढ्या वयाच्या डिस्कवर मी एक बाइटही लिहिणार नाही. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) तर नाहीच. विंडोज फॉरमॅट किंवा इनिशियलाइझ करू का विचारेल तेव्हाही कॅन्सल.

पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) चालू करा आणि डिस्क रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरती जोडा. तिथे या परवानग्या आड येत नाहीत. मात्र एक्सपीत ज्या फाइलींची नावं हिरवी दिसायची त्या एन्क्रिप्टेड आहेत, जुन्या खात्याच्या सर्टिफिकेटशिवाय उघडणार नाहीत.

रात्रपाळी
कॉपीच्या आधी स्मार्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) वाचा: क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा लिनक्सवर स्मार्टसीटीएल. ०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (वाचायला अडणारे, निकाल बाकी असलेले) आणि सी६ (दुरुस्त न होणारे) हे तीन आकडे पाहा. सी५ शून्याच्या वर असेल तर फाइली ओढत बसू नका. डीडीरेस्क्यूने (खराब डिस्क वाचणारा लिनक्सचा प्रोग्राम) मॅप फाइलसह (कुठवर वाचलं याची नोंद) पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. पहिली फेरी 'एन' पर्यायाने, म्हणजे खराब जागेवर तो रेंगाळत नाही. दुसऱ्या फेरीत 'आर३', राहिलेल्या सेक्टरवर तीन प्रयत्न. मॅप फाइल नसेल तर मधेच वीज गेल्यावर पहिल्यापासून सुरुवात. सेकंदाला २५-३० एमबी वेग मिळाला तर ८० जीबीला पाऊण-एक तास. इमेज अर्थातच दुसऱ्या डिस्कवर, ८० जीबीहून जास्त जागा मोकळी हवी.

टक्-टक् आवाज यायला लागला तर वीज काढा. तिथून पुढे घरगुती उपाय नाहीत, फ्रीजरचा तर अजिबात नाही.

बोरू
ती भेळ बिघाड नाही. युनिकोडच्या (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीचे श्रीलिपी, आकृतीसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे ठेवायचे. फॉन्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात. लिनक्समध्ये आहात तोवर जुन्या डिस्कच्या 'विंडोज'मधला 'फॉन्ट्स' फोल्डर अख्खाच उचला. नव्या मशीनवर मात्र त्यातले मराठी फॉन्ट तेवढे टाका. पत्रं वाचायला आणि छापायला फॉन्ट पुरतो. मजकूर शोधायचा किंवा मेलमध्ये चिकटवायचा असेल तर त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा, दुसऱ्याचा लावला तर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या भलतीकडे जातात.

आउटलुक एक्सप्रेस वापरत असाल तर मेल 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नसतात. तुमच्या खात्याच्या फोल्डरात 'लोकल सेटिंग्ज', मग 'अ‍ॅप्लिकेशन डेटा', त्यात 'आयडेंटिटीज'. तिथल्या डीबीएक्स फाइली घ्या. 'लोकल सेटिंग्ज' विंडोजमध्ये लपवलेला असतो, म्हणून हाच फोल्डर सगळ्यांचा राहून जातो.