१९९७ च्या मारुती झेनमध्ये एस्टीमचे १.३ इंजिन बसवावे, की मूळचेच बांधून घ्यावे?

घोडबंदरकर :
वडिलांनी १९९७ साली घेतलेली कार्ब्युरेटरची झेन अजून आमच्याकडे आहे आणि काही झाले तरी ती एमएच-०४ ची पाटी मी उतरवणार नाही. गाडी आता निळा धूर मारते आणि दोन महिन्यांत लिटरभर ऑइल पिते. इंजिन एवीतेवी उतरवावे लागणारच असेल, तर तेच ५० अश्वशक्तीचे ९९३ सीसी इंजिन पुन्हा बांधण्याऐवजी एमपीएफआय (इंजेक्शनने पेट्रोल सोडणाऱ्या) एस्टीमचे ८५ अश्वशक्तीचे १२९८ सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट बसवावे, असे माझे मत झाले आहे. दोन्ही सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली आहेत आणि दोन्हींचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे आहेत, त्यामुळे साडेसातशे किलोंच्या आसपास वजन असलेल्या या गाडीचे नाक फारसे जड होणार नाही. चार माणसे घेऊन गायमुखचा चढ चढताना मागून कंटेनर अंगावर येतो, एसी बंद करावा लागतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतेच ओरडते. हे ज्याने अनुभवले आहे, त्याला माझे म्हणणे पटेल. विरोधी मते अवश्य मांडावीत.

पामबीच :
असहमत. ओरडणे हा त्या इंजिनाचा दोष नसून स्वभाव आहे. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक अवघा ६१, म्हणजे पिस्टनला वर-खाली जायला अंतर थोडे, आणि म्हणूनच ते इतक्या आनंदाने फिरते. एस्टीमचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ आहे, ते खालून चांगले ओढेल, परंतु जिच्यासाठी तुमचा जीव अडकला आहे ती झेन मग उरणार नाही.

दुसरा मुद्दा कागदांचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ असाच कठोरपणे लावला आहे. तुमच्या गाडीला २०१२ मध्ये १५ वर्षे झाली, म्हणजे नोंदणीच्या दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाचा पुढचा फेरा २०२७ मध्ये येतो. त्या दिवशी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा काढला जाईल, इंजिन नंबर आरसीशी ताडला जाईल, तेव्हा १२९८ सीसीचे काय उत्तर देणार आहात? त्याआधी अपघात झाला, तर हाच प्रश्न विम्याचा सर्व्हेअर विचारील.

तुर्भेकर :
हा उद्योग मी एकदा केलेला आहे, म्हणून लिहितो. इंजिन बसवणे अवघड नाही. माउंटिंग जुळवून देणारे फिटर मिळतात. काम अडते ते पेट्रोलपाशी आणि वायरिंगपाशी. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावरचा साधा यांत्रिक पंप पेट्रोल खेचतो. एमपीएफआयला विजेवर चालणारा पंप, जास्त दाब सोसणाऱ्या नळ्या आणि ईसीएमसकट (इंजिनाच्या संगणकासकट) अख्खे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, लागते. माझ्या मिस्त्रीने हार्नेस मध्येच कापून जोडले आणि जोडांवर काळी टेप गुंडाळून दिली. पहिल्याच पावसाळ्यात ऐरोलीच्या पुलावर गाडी मधोमध बंद पडली. डॅशबोर्डखाली हात घातला, तर ती टेप केळीच्या सालीसारखी हातात आली.

शिवाय पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही झेनची ब्रेकची व्यवस्था ५० अश्वशक्तीच्या हिशेबाने केलेली आहे, तेव्हा इंजिनाबरोबर एस्टीमचे ब्रेक आणि रेडिएटरही घ्यावे लागतील. हा खर्च सहसा कोणी आधी सांगत नाही. एवढे सगळे मार्गी लागल्यावर मात्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर पहाटे ती गाडी जशी पळत असे, ते सुख मी नाकारणार नाही.

सोळाशे :
एवढा उपद्व्याप करायचाच असेल, तर १.३ वर का थांबावे? जुन्या बलेनोचे १५९० सीसी इंजिन ९४ अश्वशक्ती देते आणि तेही याच घराण्यातले आहे.

पामबीच :
नऊ अश्वशक्तींसाठी ९० मिलिमीटरचा स्ट्रोक त्या चिमुकल्या बॉनेटखाली कोंबायचा? क्षमस्व.

निवृत्त फिटर :
मंडळी, इंजिन गेले आहे हे ठरवले कोणी? घोडबंदरकर, धूर केव्हा येतो ते तुम्ही लिहिलेलेच नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना भपकन धूर येऊन लगेच थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात आणि त्यासाठी कोणी इंजिन बदलत नाही. चढावर रेस दिल्यावर मागे पडदा धरला जात असेल, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. जो सिलिंडर कमी दाखवील, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. तासाभराचे काम आहे आणि ते न करता भंगारबाजारात इंजिन बघायला जाणे म्हणजे पत्रिका न बघता थेट हॉल ठरवण्यासारखे आहे.

घोडबंदरकर :
रविवारी वागळे इस्टेटमध्ये मोजणी करून घेतली. चारपैकी तीन सिलिंडर एकमेकांच्या जवळपास भरले, तिसऱ्या क्रमांकाचा मात्र बराच खाली होता, आणि ऑइल सोडल्यावर त्याचा काटा वर गेला. म्हणजे रिंगाच; इंजिन उघडण्यातून सुटका नाही, हे माझे म्हणणे खरे ठरले. परंतु बाकीचे तीन धडधाकट आहेत हे समोर दिसल्यावर ते सगळेच टाकून द्यायला हात धजेना. ब्लॉक लेथवाल्याकडे जाईल, गरज पडली तर चारही सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालू.

पामबीच यांचा कायद्याचा मुद्दा मला मान्य आहे. स्ट्रोकचा मुद्दा त्यांनी एकदा भर मे महिन्यात, एसी लावून, गायमुखला येऊन सिद्ध करावा. ज्यांनी एस्टीमचे इंजिन माझ्यासाठी बाजूला ठेवले होते, त्यांना आज नाही म्हणून कळवले, पण खरे सांगायचे तर फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुचत नव्हते.

पामबीच :
येतो. फक्त चार माणसे तुम्ही आणा.

सोळाशे :
त्या एस्टीमवाल्यांचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवता येईल का?