बीटल्स क्विझ: उत्तरं ब्राउझरमध्ये नकोत
वर विचारलंय की विद्यार्थ्यांनी बनवलेल्या, बीटल्स या ब्रिटिश बँडवरच्या या क्विझ अ‍ॅपमध्ये सगळ्यांना पैकीच्या पैकी कसे मिळतायत, तर मी सोर्स कोड उघडून बघितला, बरोबर उत्तरं ब्राउझरमध्ये येणाऱ्या जावास्क्रिप्ट फाइलमध्येच पडलीयेत, कोणालाही दिसतील. उत्तरांची तपासणी सर्व्हरवर न्या, बाकी अ‍ॅप खरंच मस्त जमलंय! आणि तो 'शेवटचा अल्बम कोणता' प्रश्न प्लीज बदला, कारण 'लेट इट बी' आला १९७० ला पण त्याचं बरंचसं रेकॉर्डिंग १९६९ च्या 'अ‍ॅबी रोड'च्या आधीचं, मग ज्याला हे माहितीये तोच बिचारा चुकणार, फार वाईट वाटतं राव. 'शेवटी रिलीज झालेला' असं स्पष्ट लिहा. ड्रमरच्या प्रश्नातही साल टाका, रिंगो स्टार १९६२ ला आला, त्याआधी पीट बेस्ट होता.