मॅनेज्ड स्विचवर एम्बेडेड संगणकांना आयपी पत्ता मिळत नाही

प्रश्न: कंट्रोल पॅनेलमधील एम्बेडेड संगणक मी मॅनेज्ड स्विचला (ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा स्विच) जोडले आहेत. वीज आल्यावर ते लगेच सुरू होतात, डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मागतात आणि उत्तर न आल्याने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतात. साध्या स्विचवर ही अडचण येत नव्हती. कोणती सेटिंग तपासावी?

उत्तर १: अडचणीचे मूळ बहुधा स्पॅनिंग ट्रीमध्ये (एसटीपी, म्हणजे नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी व्यवस्था) आहे. मूळ एसटीपीमध्ये लिंक जुळल्यावर पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग अवस्थेत राहतो. पोर्टचा दिवा लागलेला दिसतो, पण या ३० सेकंदांत संगणकाची एकही फ्रेम (डेटाचा तुकडा) पुढे जात नाही. संगणकांचे पोर्ट एज पोर्ट (न थांबता लगेच सुरू होणारे, टोकाच्या उपकरणांचे पोर्ट) म्हणून नोंदवा. निव्वळ आरएसटीपी (एसटीपीची वेगवान आवृत्ती) निवडून भागेलच असे नाही, कारण समोरचा संगणक बीपीडीयूला (स्विच एकमेकांना पाठवतात ते एसटीपीचे संदेश) उत्तर देत नसल्याने एज नसलेला पोर्ट तितकाच थांबतो.

उत्तर २: वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र दुसऱ्या स्विचकडे जाणारे पोर्ट एज करू नयेत, आणि एज पोर्टवर बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू आल्यास पोर्ट बंद करणारी सोय) अवश्य लावावा. एसटीपी सरसकट बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मला धोक्याचा वाटतो. एखादी केबल चुकून दोन पोर्टांत लागली, तर ब्रॉडकास्टच्या (सर्वांना पाठवलेल्या संदेशांच्या) लोंढ्याने सगळे नेटवर्क ठप्प होते.

उत्तर ३: बदल केल्यावर कॉन्फिगरेशन सेव्ह करायला विसरू नका. बऱ्याच स्विचमध्ये केलेला बदल तत्काळ लागू होतो, पण सेव्ह न केल्यास वीज गेल्यावर पुसला जातो.